कुंदा, तू थांबली नाहीस ते बरं केलंस

कुंदा,

परवा तुझा तेरावा झाला. बासुंदी पातळ झाली होती. तू असतीस तर चारचौघांत बोलून दाखवलं असतंस, आणि मी नंतर आठ दिवस फुरंगटून बसले असते.

माणसं येतात, खुर्चीच्या कडेवर टेकतात आणि तुझ्याबद्दल असं काही बोलतात की ती चुकून दुसऱ्याच कुणाच्या घरी आली असावीत असं वाटतं. "किती शांत होत्या हो कुंदाताई!" शांत? तू? एकतीस वर्षं मी तुझ्याबरोबर एका स्वयंपाकघरात काढली. आमटीत गूळ किती, कोकम कधी घालायचं, ओटा पुसायचं फडकं कुठलं, एवढ्यावरनं आपण घर डोक्यावर घेतलं आहे. मी लग्न होऊन मांडवीच्या या घरात आले तेव्हा तू चोवीस वर्षांची होतीस. पहिल्याच आठवड्यात मला म्हणालीस, "वहिनी, तुझी फोडणी भित्री आहे." मला नणंद मिळाली नव्हती, तपासनीस मिळाली होती.

आणि तू होतीसच तपासनीस. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत, आंब्याच्या रसाचे डबे भरतात त्या कारखान्यात. एप्रिल-मे आला की तुझ्या केसांनासुद्धा हापूसचा वास यायचा. उकळत्या पाण्यात डबे ठरलेल्या वेळेपेक्षा कमी राहिले म्हणून एकदा तू अख्खी खेप अडवून धरलीस. मालक आला, मॅनेजर आला, तू जागची हलली नाहीस. घरी येऊन म्हणालीस, "दिसायला डबा चांगलाच दिसतो गं. पंधरा दिवसांनी फुगतो. तेव्हा कोण येतो बघायला?"

तू लग्न केलं नाहीस. का, ते विचारायची माझी कधी हिंमत झाली नाही. पण मी शिकवायचे ती शाळा सकाळची असायची, तेव्हा अनघाच्या वेण्या तू घातल्यास, तिला पाढे तू शिकवलेस, तिच्या तापात तू बसलीस. ती मला आई म्हणायची आणि गुपितं तुला सांगायची. हे सगळं मी आता लिहिते आहे ते एवढ्यासाठी, की अनघाच्या लग्नाच्या वर्षी मी तुझ्याशी जे वागले ते का वागले, ते तुला कळावं. निदान मला तरी कळावं.

त्या वर्षी तुला दम लागायला लागला. भगवती बंदराचा चढ तू एका दमात चढायचीस, आणि आता मध्येच थांबून समुद्र बघायचं नाटक करायला लागलीस. रक्त तपासलं तर निम्मंच. आपल्याकडच्या डॉक्टरांनी कोल्हापूरला पाठवलं. मोठ्या आतड्यात, उजव्या बाजूला गाठ निघाली. मार्चमध्ये ऑपरेशन झालं, आतड्याचा तेवढा भाग काढला आणि मला वाटलं, सुटलो. डबा उघडला, खराब भाग काढून टाकला, झालं.

पण तपासणीचा कागद आला. गाठीजवळच्या दोन ग्रंथींमध्ये कॅन्सरच्या पेशी पोचल्या होत्या. कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाईंनी आपल्या तिघांना समोर बसवून सांगितलं. तू, तुझा दादा आणि मी. "गाठ निघाली. पण डोळ्यांना न दिसणारं काही शरीरात राहिलं असेल, तर त्याला वाढायला सवड द्यायची नाही. म्हणून केमो. ऑपरेशनपासून सहा ते आठ आठवड्यांच्या आत सुरू करू. त्याच्या पुढे जितका उशीर, तितका औषधाचा उपयोग कमी होत जातो."

तू एकच प्रश्न विचारलास. "आठवा आठवडा म्हणजे कुठल्या तारखेपर्यंत?"

बाई हसल्या. तू हसली नाहीस. घरी येऊन कॅलेंडरवर पेनने गोल केलास.

मग जखम चिघळली. तिसऱ्या आठवड्यात टाक्यांतून पू यायला लागला, ताप आला, रोजचं ड्रेसिंग सुरू झालं. सहावा आठवडा तसाच गेला. जखम ओली असताना केमो देता येत नाही, बाईंनी फोनवर सांगितलं. तुझी चिडचिड मला आठवते. रोज आरसा पोटासमोर धरून बघायचीस. "आज कडा जवळ आलीय ना? आलीय ना गं?" जशी काही ती जखम कारखान्यातली एखादी कामचुकार पोरगी होती आणि तू तिच्यावर नजर ठेवून होतीस. सातव्या आठवड्याच्या शेवटी जखम भरली. बाई म्हणाल्या, या सोमवारी या.

आणि अनघाचं लग्न त्यापुढे नऊ दिवसांवर होतं.

आता खरं तेच लिहिते. मी तुला म्हटलं, "कुंदा, लग्न होऊ दे. पूजा होऊ दे. मग जा."

तू भाजी निवडत होतीस. मान वर न करता विचारलंस, "म्हणजे कधी?"

"जूनच्या पहिल्या आठवड्यात."

"म्हणजे अकरावा आठवडा."

"जखम आत्ता कुठे भरलीय. अंगात रक्त नाही. डॉक्टरच म्हणाल्या ना, औषधाने ताकद कमी होते, गर्दीत जायचं नाही? मग तू लग्नात कशी येणार? अनघाच्या लग्नात तू नसलीस तर ती बोहल्यावर उभी तरी राहील का?"

सगळे माझ्या बाजूने होते. लांज्याच्या मावशी, तुमच्या आईच्या धाकट्या बहीण, दोन दिवस आधीच राहायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगो, अंगात जीव नाही नि कसली ती विषं घालून घेतेस? पंधरा दिवसांनी काय बिघडतंय? आधी चार घास खा, बाळसं धर." व्याही फोनवर म्हणाले, घाई करू नका. अनघा रडत होती. तुझा दादा खिडकीशी उभा होता, तो काही म्हणाला नाही.

तू चवळीची जुडी खाली ठेवलीस. माझ्याकडे बघून म्हणालीस, "लग्न चुकलं तर मी फोटो बघीन, वहिनी. तारीख चुकली तर तुम्ही माझा बघाल."

असलं अभद्र लग्नघरात बोललीस म्हणून मी उठून आत गेले.

सोमवारी सकाळी उठले तर तुझी खोली झाडलेली होती आणि चपला नव्हत्या. सहाच्या कोल्हापूर गाडीने तू गेली होतीस. फ्रिजवर चिठ्ठी चिकटवलेली: "उद्या दुपारी येते. चकल्यांचं पीठ मी आल्यावर मळू." आंबा घाट, पोटावर दोन महिन्यांची जखम, पदराखाली उशी बांधून गेली असशील. त्या वेळी मला तुझी काळजी वाटायला हवी होती, नाही का? मला राग आला. मला न सांगता गेलीस याचा नाही, तर माझ्यापेक्षा तुझं चाललं याचा.

दुसऱ्या दिवशी तू परत आलीस. मी बोलले नाही. पुरते आठ दिवस बोलले नाही. तू चकल्या केल्यास, मी तळल्या, आणि मधे अनघा निरोप पोचवत राहिली. त्याच आठ दिवसांत एकदा तू फ्रिजमधलं पाण्याचं भांडं उघड्या हाताने धरलंस आणि किंचाळलीस. त्या औषधाने थंड वस्तूला हात लावला की सुया टोचतात, हे मला तेव्हा कळलं. भांडं खाली पडलं, सगळीकडे पाणी. मी फडकं घेऊन आले, पुसलं आणि तशीच आत गेले. तेवढ्या वेळात मी तुझे हात माझ्या हातांत धरू शकले असते. माझे हात त्या वेळी गरम होते, कढईपाशी होते मी.

आणि लग्नाला तू आलीस! बाईंना विचारून, तोंडाला मास्क लावून, जांभळ्या नारायणपेठीवर जांभळेच सुती हातमोजे घालून. मेच्या उकाड्यात! हॉलमध्ये बायका विचारत होत्या, हातमोजे कसले गं? "फॅशन," तू सांगत होतीस, "पुण्यात सगळ्या घालतात." बर्फ घातलेलं पन्हं फिरत होतं आणि तू थर्मासमधलं गरम पाणी पीत होतीस. पंगतीत बसून वरण-भात संपवलास, तिथेच सगळ्यांसमोर पिशवीतून गोळ्या काढल्यास आणि घेतल्यास. लपवलं काहीच नाहीस. मंगलाष्टकांच्या वेळी अनघाची मान दोनदा वळली, तू कुठे आहेस ते बघायला. तू पहिल्या रांगेत होतीस. त्यानंतर मला तुझ्याशी बोलावंच लागलं, कारण अनघा निघून गेल्यावर घरात माझ्याबरोबर रडायला तू एकटीच होतीस.

पुढचे सहा महिने तू दर तीन आठवड्यांनी त्या घाटातून गेलीस आणि आलीस. एकदा पावसाने दरड आली, रस्ता बंद झाला, तर तू दुसऱ्या रस्त्याने गाड्या बदलत बदलत पोचलीस. जिभेची चव गेली. माझं पिठलं खाऊन म्हणालीस, "आज तुझ्या हाताला दोष नाही, मला चवच नाही." तळपाय बधिर झाले, चप्पल पायातून कधी निसटली ते कळायचं नाही. पण कुठलीही तारीख तू चुकवली नाहीस. एकदा रक्तातल्या पेशी कमी आल्या म्हणून त्यांनीच आठवडाभर पुढे ढकललं, तर तू डॉक्टरीणबाईंवर उखडलीस. मी बरोबर होते. मला इतकी लाज वाटली, आणि खोटं कशाला बोलू, थोडा अभिमानही वाटला.

पुढच्या वर्षीची गोष्ट. तुझी सगळी औषधं संपली होती, तू पुन्हा कारखान्यात जायला लागली होतीस. कोल्हापूरला तपासणीला गेलीस तिथे रांगेत तुला गंगाराम भेटला. संगमेश्वरकडच्या वाडीतला शेतकरी. बरीच वर्षं मुंबईला कंपनीत होता, आता गावी परतलेला. तुझंच दुखणं, तसंच ऑपरेशन, आणि तशीच तारीख दिलेली. तो तुला म्हणाला, "लावनी झाली की जातो ताई. आवंदा पाऊस चांगला लागलाय."

तू फोन नंबर घेतलास. पाच दिवस फोन केलास. सहाव्या दिवशी मला म्हणालीस, "चल."

भर आषाढात, एसटीने आणि पुढे दोन मैल चिखलातून आपण त्या वाडीत गेलो. तुझ्या पायांना जमीन कळत नव्हती म्हणून तू माझा दंड धरला होतास. गंगाराम पडवीत बसला होता, त्याची बायको समोरच्या शेतात भाताच्या रोपांचा तरवा काढत होती. आपल्याला बघून तो उभाच राहिला.

"कितवा आठवडा चालूय?" तू रामराम न करता विचारलंस.

"सातवा असंल."

"लावणी किती राहिलीय?"

"तीन कुणगे," त्याने शेताच्या तीन तुकड्यांकडे बोट दाखवलं.

तू त्याच्या बायकोकडे वळलीस. "वाडीत बायका किती आहेत?" मग घराघरांतून फिरलीस. एका बाईला तर तू चुलीपुढून उठवलंस. दुसऱ्या दिवशी त्याचे तीन कुणगे वाडीतल्या सहा बायका लावतील असं ठरवून तू परत पडवीत आलीस. गंगाराम म्हणाला, "ताई, भात माझं हाय. माझ्या हातानं लावायचं व्हतं."

"पुढल्या वर्षी लाव," तू म्हणालीस. "त्यासाठीच जा म्हणतेय."

तो ठरल्या वेळी औषधाला गेला. वाडीतून परत येताना एसटीत तू माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपलीस. त्या आधी कधी टेकलं नव्हतंस.

आणि त्याच्या पुढच्या वर्षी, गणपती झाले आणि तुझ्या तपासणीत यकृतावर डाग दिसले.

इथे मला थांबावंसं वाटतं. पण तू मला थांबू दिलं नसतंस.

आपण कोल्हापूरहून परत आलो. तू अंथरुणावर बसली होतीस, साडीची घडी करत होतीस. माझ्या आतून काहीतरी उसळलं. ते दुःख होतं, पण तोंडातून निघालं ते असं निघालं: "मग तेव्हा एवढी धावत गेलीस, त्याचा काय उपयोग झाला?"

तू घडी पूर्ण केलीस. म्हणालीस, "वहिनी, मला जरा पडायचंय."

त्यावर आपण पुन्हा कधी बोललो नाही. एक वर्ष होतं आपल्याकडे. त्या वर्षात पुन्हा केमो झाली, वेगळी औषधं झाली, अनघाची मुलगी झाली, तू तिला तेल लावलंस, मालिश करताना मला तीनदा सूचना केल्यास. मी तुझे पाय चेपले, पेज भरवली, न्हाऊ घातलं. सगळं केलं, ते एक वाक्य तेवढं मागे घेतलं नाही. रोज वाटायचं, आज म्हणते. मग तू कशावरून तरी खेकसायचीस आणि मला वाटायचं, बरी आहे की, उद्या म्हणू.

तुझ्या नकळत एकदा मी डॉक्टरीणबाईंना गाठलं होतं, ते तुला सांगितलं नाही. विचारलं, ती सहाव्याच आठवड्यात आली असती तर? त्या म्हणाल्या, "जखम चिघळलेली असताना देताच आलं नसतं. आणि एका माणसाबद्दल असं छातीठोक कुणीच सांगू शकत नाही. वेळेत औषध घेऊनही काही जणांना हे उलटतं. पण तुमच्या नणंदेने जे हातात होतं त्यातलं काहीही सोडलं नाही." मी विचारलं, "आणि अकराव्या आठवड्यात आली असती तर?" त्यांना कळलं असावं मी हे का विचारतेय. म्हणाल्या, "ती आली नाही ना अकराव्या आठवड्यात. मग तो प्रश्न सोडून द्या."

मी सोडला नाही.

परवा तेराव्याला जेवणं झाली, माणसं पडवीत बसली होती. गंगाराम आला होता. केस पांढरे झालेत, पण चेहरा भरलाय. नव्या तांदळाची पिशवी घेऊन आला, तुझ्या फोटोपुढे ठेवली आणि दाराशी उभाच राहिला. लांज्याच्या मावशी पानाला चुना लावत होत्या. आता पंच्याऐंशीच्या आहेत. त्या सुस्कारा टाकून म्हणाल्या, "ऐकलंन नाही हो तिने कुणाचं. अंगात जीव नसताना ते विष घातलंन, त्यानेच पोखरली. एवढी धावत गेली, त्याचा काय उपयोग झाला?"

माझंच वाक्य, कुंदा. जसंच्या तसं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा कळलं ते तुला कसं लागलं असेल.

तुला ठाऊक आहे, मी मोठ्या माणसांपुढे बोलत नाही. मी उभी राहिले. म्हटलं, "मावशी, उपयोग काय झाला ते मी सांगते. तिला आजार उलटला तो आजाराने उलटवला, तिने नाही. डॉक्टरांनी दिलेल्या वेळेत ती कोल्हापूरला गेली. आपण सगळे तिला अडवत होतो, मी सगळ्यांत जास्त. ती आपलं ऐकून थांबली असती आणि मग उलटला असता, तर आज मी या घरात कुणाला तोंड दाखवलं असतं? ती तेव्हा गेली म्हणून मला आज रडता येतंय. नाहीतर मला रडायचाही हक्क राहिला नसता. आणि हा माणूस दाराशी उभा आहे, त्याला विचारा उपयोग काय झाला."

गंगारामने मान खाली घातली. मावशींनी पान तसंच तबकात ठेवलं. त्या वाईट नाहीत गं, त्यांनी तुला अंगाखांद्यावर खेळवलंय. म्हणाल्या, "मला काय कळतंय बायो. पोर गेली म्हणून बोलले." मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. पण बोललेलं मागे घेतलं नाही, आणि घेणार नाही. जो कुणी येईल आणि म्हणेल की घाई केली, त्याला मी हेच ऐकवणार आहे.

सगळे गेल्यावर तुझा दादा आणि मी दोघेच उरलो. तू गेल्यापासून तो जेमतेम चार शब्द बोलला होता. म्हणाला, "हे तिला कधी सांगितलं होतंस का?"

"नाही."

मग त्याने जे सांगितलं ते मला साडेतीन वर्षं माहीत नव्हतं. त्या सोमवारी तू स्टँडवर एकटी गेली नव्हतीस. तो तुला स्कूटरवर स्टँडपर्यंत सोडायला आला होता. माझ्यापुढे बोलायची त्याला छाती झाली नाही, म्हणून गुपचूप. गाडी लागली, लोक चढले, आणि तू चढेनास. तू, जी मालकापुढे हलली नव्हतीस, ती पिशवी छातीशी धरून फलाटावर उभी राहिलीस आणि म्हणालीस, "दादा, वहिनी आता माझ्याशी बोलणार नाही."

तो म्हणाला, "बोलेल. तू चढ."

कंडक्टरने घंटी दिली तेव्हा चढलीस.

मला इतकी वर्षं वाटत होतं, तुला कशाचीच भीती नाही. तुला माझ्या अबोल्याची भीती होती, आणि तरी तू गेलीस. मी अबोला धरलाही. तो माझा होता, तुला त्यात आठ दिवस राहावं लागलं.

म्हणून आता बोलते, कुंदा. तू बरोबर होतीस, मी चुकले होते. तू मरून गेलीस तरी तू बरोबरच होतीस.